बारा पाट्यांचा आराखडा

जळालेली मोटार दुकानात आली की मी प्रथम तिचा वास घेतो. ती पाण्याविना कोरडी फिरली, की कमी दाबाच्या विजेवर रडतखडत चालली, याचे अनुमान मला त्या वासावरून करता येते. एकवीस वर्षांच्या व्यवसायाने मला दिलेली ही विद्या आहे. परंतु सन २०३९ च्या ऑक्टोबर महिन्यात आमच्या बोरखिंडी गावच्या शाळेतील नऊ पाट्या एकापाठोपाठ एक सुस्तावल्या, तेव्हा त्यांना कसलाही वास येत नव्हता. त्या तापत नव्हत्या, कुरकुरत नव्हत्या. केवळ प्रश्न विचारला असता उत्तर देण्यापूर्वी त्या दीर्घकाळ गप्प बसत. तेथूनच माझ्या जिज्ञासेचा आरंभ झाला.

माझे नाव बिराप्पा हाक्के. एस.टी. थांब्यासमोर माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले. तथापि शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष हा पालकांपैकीच असावा असा नियम असल्याने, आणि निवडीच्या दिवशी सभेला आलेल्या पालकांत मोठ्याने बोलणारा मी एकटाच असल्याने, ते पद माझ्याकडे आले. माझी कन्या ईश्वरी सातवीत होती. पहिलीपासून तिने वर्गातील पहिला क्रमांक कधी सोडला नव्हता. हे लिहिताना माझ्या लेखणीला अभिमान वाटतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा.

प्रथम या पाट्यांचा परिचय करून देणे आवश्यक आहे. वहीएवढ्या आकाराची, काळी, पातळ अशी ती वस्तू होती. तीवर बोटाने लिहिता येई. ती आमच्याच बोलीत प्रश्न विचारी, उत्तर तपासी, आणि मूल नेमके कोठे अडते हे ओळखून तेथूनच पुढे शिकवी. मागील वर्षी एका योजनेतून अशा बारा पाट्या शाळेस मिळाल्या. त्यांची किंमत शासनाने भरली. मात्र देखभाल शाळेने करावयाची होती. पंधरा डिसेंबरपूर्वी पुढील पाच वर्षांच्या देखभालीचा आराखडा सादर करणे सक्तीचे होते. ज्या शाळेचा आराखडा तिच्या निधीत बसणार नाही, तिच्या पाट्या परत नेऊन दुसऱ्या शाळेस देण्यात येणार होत्या.

"अध्यक्ष, गणित जमत नाही," मुख्याध्यापक म्हेत्रे सर कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाले. सरांच्या निवृत्तीस सहा महिने उरले होते. "कंपनीचं म्हणणं, पाटी सुस्तावली की तिची सफाई करावी लागते. एका पाटीला साडेसहा हजार. नऊ पाट्यांचे झाले अठ्ठावन्न हजार पाचशे. आपला वर्षाचा देखभाल निधी वीस हजार. आणि सफाई केली की पाटी सगळं विसरते, मुलाला पहिल्यापासून ओळखायला लागते. परीक्षा फेब्रुवारीत!"

"नऊच का वो सर? पाट्या बारा हायत."

"बाकीच्या तीन धडधाकट आहेत. पहिली-दुसरीला दिलेल्या."

"कुणाच्या हातात असत्यात त्या?"

"कुणाच्या म्हणजे? सगळ्यांच्याच. एकेचाळीस पोरं आहेत. त्यातली अर्धी पाटीवर शेंबूड पुसतात."

हे ऐकून मी थबकलो. सुस्तावलेल्या नऊ पाट्या सातवीतील नऊ हुशार मुलांना एकेक अशा दिलेल्या होत्या. त्यांवर मुलांची नावे चिकटवलेली होती, कव्हरे घातलेली होती, त्या रोज मऊ फडक्याने पुसल्या जात. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी हेच त्यांचे एकमेव कार्य होते. आणि ज्यांना कोणी विचारीत नव्हते, त्या तीन पाट्या मात्र ठणठणीत होत्या.

"जास्त वापरामुळं झीज झाली असेल," सर म्हणाले.

मी पाट्यांच्या पाठीवरील वापराचे तास पाहिले. ईश्वरीच्या पाटीचे तास होते सहाशे बारा. दुसरीच्या वर्गातील पाटीचे होते अकराशे चाळीस.

मोटारीच्या धंद्यात आम्ही एक पद्धत पाळतो. दोन मोटारींपैकी एक चालते आणि एक चालत नाही, अशा वेळी एकेक भाग अदलाबदल करून पाहावा. मी प्रथम चार्जर बदलले. फरक पडला नाही. नंतर सुस्त पाट्या पहिलीच्या गार खोलीत व धडधाकट पाट्या सातवीच्या पत्र्याखाली आठवडाभर ठेवल्या. फरक पडला नाही. मोबाईलवर वेळ मोजली असता सुस्त पाटी उत्तरास सहा सेकंद घेई, धडधाकट पाटी अर्धाही घेत नसे. आता बदलावयाचा एकच भाग शिल्लक राहिला होता. तो म्हणजे मूल.

पुढील धागा मला शाळेच्या स्वयंपाकखोलीत गवसला. खिचडी शिजवणाऱ्या ताराक्का या पहिली-दुसरीच्या वर्गाला लागूनच असलेल्या ओसरीवर तांदूळ निवडीत बसत. त्यांना दिवसभर त्या वर्गातील सर्व आवाज ऐकू येत.

"ताराक्का, ही बारकी पोरं पाटीसंगं करत्यात तरी काय?" मी विचारले.

"काय करत्यात? चुकत्यात!" ताराक्का म्हणाल्या. "पाटी म्हणती सात आणि पाच किती, एक म्हणतंय दहा, एक म्हणतंय पंच्याहत्तर, ते बनसोड्याचं तर म्हणतंय 'तुझ्या आईला इचार'. मग पाटी परत सांगती, चिंचोके मांडून दावती, परत चुकत्यात. लई सोसती बिचारी. मी असती तर पळी घातली असती डोस्क्यात."

"आणि सातवीची?"

"ती कुठं चुकत्यात? तुमची ईश्वरी तर प्रश्न पुरा हुईस्तोवर उत्तर देती. पाटीला बोलायला संधीच न्हाई." असे म्हणून त्यांनी सुपातील एक खडा माझ्या पायाशी टाकला. "तुम्ही उन्हात हुबं का? आत या की."

मी आत गेलो नाही. तसाच दुकानात आलो आणि पाटीसोबत आलेले माहितीपुस्तक, जे आजवर प्लास्टिकच्या वेष्टनातून कोणी बाहेर काढलेच नव्हते, ते फाडून वाचावयास बसलो. त्यातील बराच भाग मला उमगला नाही. जो उमगला, तो माझ्या शब्दांत सांगतो.

पाटीचा मेंदू म्हणजे एकावर एक ठेवलेल्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांची चळत होय. दोन पापुद्र्यांमधून वीज वाहिली की तेथे धातूच्या कणांचा एक धागा तयार होतो. हा धागा म्हणजेच पाटीची आठवण. मुलाने उत्तर बरोबर दिले, पाटीचा अंदाज खरा ठरला, की त्याच वाटेने पुन्हा वीज जाते आणि धागा जाड होतो. मुलाने चूक केली, म्हणजे पाटीचा त्या मुलाविषयीचा अंदाज फसला, की पाटी वीज उलट दिशेने सोडते. धागा विरघळतो, कण मोकळे होतात, आणि ती नवी वाट शोधू लागते.

आता विचार करा. एखाद्या पाटीला अंदाज बदलण्याची वेळच आली नाही तर काय होईल? धागे जाड होत जातील, इतके जाड की उलट विजेनेही विरघळणार नाहीत. मोकळे कण उरणार नाहीत. नवीन आठवणीस जागा राहणार नाही. मोटारीच्या सर्व गुंडाळ्यांवर भार समान विभागला तर ती वर्षानुवर्षे चालते, एकाच गुंडाळीवर पडला तर तीच जळते, हे मी जाणून होतो. येथे तोच न्याय होता. मुलांच्या चुका हेच त्या यंत्राचे वंगण होते. आणि आम्ही ते यंत्र निवडून निवडून अशा मुलांच्या हाती दिले होते, जी चुकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितले, तेव्हा त्यांनी एक शंका उपस्थित केली. "पण पाटी हुशार मुलाला अवघड प्रश्न देते ना? तिथं तो चुकेलच की."

"सर, तुम्ही तिला कुलूप घातलंय."

सरांना आठवले. परीक्षेबाहेरच्या गोष्टींत मुलांचा वेळ जाऊ नये म्हणून त्यांनीच त्या नऊ पाट्यांत केवळ सराव प्रश्नसंच उघडा ठेवला होता. पाच हजार प्रश्न. मुलांनी ते सर्व चार चार वेळा सोडवले होते.

"मी एकतीस वर्षं हेच करत आलो, अध्यक्ष," सर अतिशय हळू आवाजात म्हणाले. "ज्याला येतं, त्यालाच पुढं बसवलं. नवा खडू, नवं पुस्तक, नवा संगणक, आधी त्याला. मला वाटायचं, शाळेचं नाव होतं."

माझी स्वतःची मुलगी पहिल्या बाकावर बसत होती.

घरी जेवताना मी हा सारा शोध मोठ्या उत्साहाने ईश्वरीस कथन केला. येथे माझी चूक झाली. मला वाटले, तिला गंमत वाटेल. ती मात्र घास हातात घेऊन थांबली.

"म्हणजे माझी पाटी काढून घेणार?"

"तसं अजून ठरलं न्हाई, बाळा."

"पप्पा, तिला माझं सगळं माहीत आहे. मी कुठं घाई करते, कुठं वजाबाकीचं चिन्ह विसरते. परीक्षेला साडेतीन महिने राहिलेत. तुम्ही बारक्यांना देणार ती?"

"पाट्याच परत गेल्या, तर तुझीबी जाणार की."

ती उठून गेली. पुढील आठ दिवस ती नेहमीपेक्षा अधिक वेळ पाटी घेऊन बसू लागली. तिची आई म्हणाली, "पोरगी लई अभ्यास करतीय, चार दिसांत डोळं खोल गेल्यात." नवव्या दिवशी ईश्वरी स्वतःहून माझ्या दुकानात आली आणि पाटी माझ्यासमोर ठेवली.

"वेळ मोजा," ती म्हणाली.

मी मोजली. सात सेकंद. पूर्वीपेक्षा एक सेकंद अधिक.

"असं कसं?" तिचा आवाज फुटला. "मी आठ दिवस मुद्दाम चुकतेय! रोज दोनशे प्रश्न. सगळी उत्तरं चुकीची दिली!"

"कशी चुकीची दिलीस?"

"बरोबर उत्तरापेक्षा एक जास्त. बारा आलं की तेरा लिहायचं. पर्यायाचा प्रश्न असेल तर पुढचा पर्याय."

वाचकहो, मला हसू आले आणि त्याच क्षणी गहिवरूनही आले. त्या पोरीने चुकण्यासाठीदेखील सूत्र तयार केले होते, आणि तेही अचूक पाळले होते. पाटीने दोन दिवसांतच ते सूत्र ओळखले असणार. ही मुलगी एक जास्त लिहिते, एवढाच नवा अंदाज तिने बांधला, आणि तो दररोज दोनशे वेळा खरा ठरला. एक नवीन जाड धागा मात्र तयार झाला.

"ईश्वरी, ही खरी चूक न्हवं," मी म्हणालो. "जे येत न्हाई तिथंच माणूस खरं चुकतंय."

"मला सगळं येतं," ती म्हणाली, आणि पाटी तेथेच सोडून निघून गेली.

या प्रसंगाने आराखड्याचा उरलेला अर्धा भाग मला सुचला. केवळ हात बदलून भागणार नव्हते. ज्याला खरोखर येत नाही त्याच्याच हाती, आणि न येण्याच्या जागीच, पाटी पडली पाहिजे. मी सरांकडून लिहवून घेतलेला आराखडा असा होता: पाट्यांवरील नावे काढावीत. प्रश्नसंचाचे कुलूप काढावे. रोज परिपाठाच्या वेळी ज्याला पाटी हवी त्याने सर्वांसमोर उभे राहून आपल्याला काय येत नाही ते सांगावे व पाटी घ्यावी. ते आले की पाटी परत करावी. या पद्धतीने तीन धडधाकट पाट्यांचा सफाई खर्च शून्य राहील, आणि नऊपैकी ज्या सुधारणार नाहीत अशा फार तर तीन पाट्यांची दरवर्षी सफाई करावी लागेल. साडेएकोणीस हजार. निधीत पाचशे रुपये शिल्लक.

समितीची सभा सात डिसेंबरला दुपारी सातवीच्या वर्गात भरली. पारिसअण्णा चौगुले पुढच्या बाकावर बसले होते. ते बेदाण्याचे व्यापारी. शाळेचा इन्व्हर्टर त्यांनीच दिलेला, आणि त्यांचा नातू त्या नऊ मुलांपैकी एक.

"अध्यक्ष, मला एवढंच सांगा," अण्णा म्हणाले, "ज्याला येतंय त्याच्या हातात खडू, आणि ज्याला येत न्हाई त्याच्या हातात लाखाची पाटी? द्राक्षाच्या बागंत आपण फळधरल्या वेलाला पाणी देतो का वाळक्याला?"

"अण्णा, वाळक्यालाच तहान असती."

दोघेतिघे हसले. अण्णा हसले नाहीत. "बोलाया बरं हाय. गावातनं एक पोरगं मोठं झालं की चार पोरांना वाट मिळती. आमच्या सम्यकचं ऱ्हाऊ द्या. तुमची ईश्वरी! जिल्ह्यात पहिली येईल ती. तिचा घास काढून कुणाला घालताय?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, हे मी आजही मान्य करतो. खिडकीबाहेर मुले घोळका करून उभी होती. त्यांत ईश्वरीही होती.

"आणि सगळ्यांसमोर उभं राहून मला येत न्हाई म्हणायचं?" अण्णा पुढे म्हणाले. "पोरांची लाज काढायची का?"

यावर म्हेत्रे सर उभे राहिले. "अण्णा, पहिलीची पोरं हे रोज म्हणतात. त्यांना लाज वाटत नाही. लाज आम्ही शिकवतो, पुढच्या वर्गात."

हात वर करून मोजणी झाली. पाच विरुद्ध पाच. नियमाप्रमाणे अध्यक्षाचे मत उरले.

माझ्या दुकानात गिऱ्हाईक कधी कधी म्हणते, मोटार आजच्या दिवस चालवून दे, उद्याचे उद्या पाहू. मी तसे करीत नाही. तशी मोटार विहिरीत सोडली की ती भरपिकात बंद पडते, आणि शिव्या मला बसतात. परंतु ते गिऱ्हाईक परके असते. मी खिडकीकडे पाहिले. ईश्वरी माझ्याकडेच पाहत होती. मी हात वर केला, आराखड्याच्या बाजूने. ती खिडकीतून दिसेनाशी झाली.

त्यानंतर अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. 'जेवायला वाढलंय' एवढे दोनच शब्द, तेही भिंतीकडे पाहून. आराखडा मंजूर होऊन आला. पाट्या राहिल्या. रोज दहा वाजता पटांगणात रांग लागे: कोणाला हातच्याची बेरीज येत नाही, कोणाला जोडाक्षर, कोणाला पोटात अन्नाचे काय होते ते कळत नाही. स्वतः ताराक्काही एके दिवशी पदर खोचून रांगेत उभ्या राहिल्या. "मला माझं नाव लिहिता येत न्हाई," असे त्यांनी इतक्या ठणठणीत आवाजात सांगितले की जणू काही पदवीच जाहीर केली. नऊपैकी सहा पाट्या हळूहळू जाग्या होऊ लागल्या. उत्तरास सहा सेकंद लागत, तेथे चार, मग अडीच. ईश्वरीची जुनी पाटी त्यांत होती. मात्र सातवीच्या नऊ मुलांपैकी एकही रांगेत उभे राहिले नाही. ती वर्गात जुने प्रश्नसंच कागदावर सोडवीत बसत.

बाराव्या दिवशी इन्व्हर्टरचे पाणी तपासण्यास मी शाळेत गेलो होतो. परिपाठ आटोपून रांग सुरू झालेली होती. मी बॅटरीचे झाकण उघडले आणि सहज पटांगणाकडे नजर टाकली. बनसोड्यांच्या मुलाच्या मागे ईश्वरी उभी होती.

मी झाकण हातात धरून तसाच राहिलो. रांग पुढे सरकत होती. बनसोड्यांच्या मुलाने सांगितले, "मला ळ येत न्हाई." त्याला पाटी मिळाली. ईश्वरी पुढे झाली. तिच्या मानेवरची शीर मला एवढ्या अंतरावरून दिसत होती. सर तिच्याकडे पाहत होते, मुले पाहत होती, वर्गाच्या दारात सम्यक चौगुले येऊन उभा राहिला होता.

"बोल, बाळ," सर म्हणाले.

"मला," ती म्हणाली, आणि थांबली. मग एका दमात बोलली. "मला काट्यांचं घड्याळ बघता येत नाही. काट्यांमधला कोन काढता येतो. सूत्र पाठ आहे. पण भिंतीवर किती वाजले ते कळत नाही. मी कायम दुसऱ्याला विचारते."

कोणी हसले नाही. पहिलीतील एक चिमुरडी मागून म्हणाली, "आक्का, मला पन न्हाई येत," आणि तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

बारा वर्षे ती मुलगी माझ्या घरात होती. माझ्या दुकानाच्या भिंतीवर काट्यांचेच घड्याळ आहे. 'पप्पा, किती वाजले?' असे ती मला शेकडो वेळा विचारीत आली होती, आणि मी प्रत्येक वेळी कामावरून मान न उचलता उत्तर देत आलो होतो.

सरांनी त्या दोघींच्या हाती मिळून एक पाटी दिली. ती ईश्वरीची जुनी पाटी नव्हती. दुसरीच होती, कोपरा उडालेली. दोघी व्हरांड्यातील घड्याळासमोर जाऊन बसल्या. पाटीने विचारले, "समोरच्या घड्याळात किती वाजले आहेत?"

माझी मुलगी पुष्कळ वेळ त्या काट्यांकडे पाहत राहिली. तिने एकदा लहान मुलीकडे पाहिले, पुन्हा घड्याळाकडे पाहिले, आणि म्हणाली, "दोन पन्नास."

सकाळचे सव्वादहा वाजले होते.